निनावी चिठ्ठ्या

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी एकदा वर्गात कोऱ्या कागदाचे तुकडे वाटले. सर पुण्याहून यायचे, नुकतेच नोकरीला लागले होते. विवाह आणि कुटुंबसंस्था हे प्रकरण चालू होतं. खडू ठेवून ते म्हणाले, "लग्न करायचं नाही हे दोघांनाही ठाऊक असताना त्यांनी जवळ यावं का? शरीराने जवळ, असं विचारतोय मी. मनात असेल ते लिहा. नाव घालू नका."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मुलींच्या बाजूला आम्ही नऊजणी होतो. सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या.

हे सत्तरच्या दशकाच्या अखेरीकडचं. पिंपरीतलं ते कॉलेज कामगारांच्या मुलांचं. कुणाचे वडील फर्स्ट शिफ्टला, कुणाचे सेकंडला. माझे वडील दापोडीहून सायकलने कारखान्यात जायचे, आणि आमच्या अख्ख्या चाळीत कॉलेजात गेलेली मुलगी मी एकटीच. वीस-एकवीस वर्षांचे होतो आम्ही, तरी मुलांशी बोलणं वह्या मागण्यापुरतंच.

मी चार ओळी लिहिल्या. असे संबंध समाजाला घातक असतात, स्त्रीचं त्यात नुकसान होतं, वगैरे. परीक्षेत लिहावं तसं. खरं तर त्या वर्षी मला आमचा वर्गप्रतिनिधी आवडत होता. वक्तृत्व स्पर्धेत तो जुन्या रूढींवर असा तुटून पडायचा की प्राचार्यसुद्धा टाळ्या वाजवायचे. त्याच्याबद्दल माझ्या मनात जे यायचं, ते त्या चार ओळींत बसण्यासारखं नव्हतं.

तास संपल्यावर सरांनी चिठ्ठ्या आम्हा दोघांकडेच दिल्या. मुलांकडून तो, मुलींकडून मी. "हो, नाही आणि बाकीचे, असे तीन गठ्ठे करा," एवढं सांगून ते स्टाफरूममध्ये गेले. रिकाम्या वर्गात दार उघडं ठेवून आम्ही समोरासमोर बसलो. त्याच्या इतकं जवळ मी पहिल्यांदाच बसले होते.

सगळ्यात मोठा गठ्ठा 'बाकीचे'चा झाला. 'मुलाने केलं तर हरकत नाही.' 'चालेल, पण अशा मुलीशी मी लग्न करणार नाही.' हे दुसरं वाक्य निरनिराळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा येत होतं. तो हसून म्हणाला, "सगळ्यांनाच हवंय, आणि कुणालाच घरात नकोय." मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

मग त्याने एक चिठ्ठी वाचून दाखवली. 'लग्न होणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी भेटलो. तो आता बदली होऊन गेला. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, ते सरांनी सांगावं.'

त्याने कागद माझ्यापुढे धरला. "हे कुणाचं अक्षर?"

अक्षरांवर रेघ नव्हती. आमच्या वर्गात एकच मुलगी शिरोरेघ न ओढता लिहायची. तीन वर्षं सगळे प्राध्यापक तिला त्यासाठी बोलत आले होते. दिघीची होती ती, जुन्या शेतकरी घरातली. तीन वर्षं माझ्या शेजारी बसायची, माझ्या डब्यातली भाजी खायची आणि तिच्या डब्यातली भाकरी मला द्यायची. ती कुणाला भेटते याचा तिने मला पत्ता लागू दिला नव्हता. जे मला सांगितलं नाही, ते तिने सरांना विचारलं होतं. मला आधी त्याचाच राग आला.

"सांग ना," तो म्हणाला.

मी नाव घेतलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. मी फक्त मुलींच्या बाजूच्या तिसऱ्या बाकाकडे पाहिलं, जिथे आम्ही दोघी बसायचो, आणि म्हणाले, "माझं नाही एवढं नक्की." आणि हसले. तो हसू लागला म्हणून मी हसले. मी तसली नाही, हे त्याला कळावं असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी काही चिठ्ठ्या वर्गात वाचल्या. तिची मात्र वाचली नाही. घडी घालून खिशात ठेवताना मी त्यांना पाहिलं. म्हणजे ती चिठ्ठी आम्हा तिघांनीच पाहिलेली होती, आणि सर बोलणारे नव्हते.

त्याच आठवड्यात सुरू झालं. ती जिन्यावरून उतरली की वर उभ्या असलेल्या घोळक्यातून कुणीतरी हळूच म्हणायचं, "सरांनी सांगावं." दुसरा म्हणायचा, "सर कशाला, मी सांगतो की." बसस्टॉपवर दोन मुलांनी तिला विचारलं, लग्न नकोच आहे तर मग आम्ही काय वाईट आहोत. यातले काहीजण घरच्या ओळखीचे, एरवी मान वर करून न बोलणारे. 'हरकत नाही' लिहिणारे यांच्यातलेच असणार.

मी वर्गप्रतिनिधीला सायकल स्टँडवर गाठलं. "तू सांगितलंस?"

"मी नाव कुठे घेतलं?" तो शांतपणे म्हणाला. "तूही नव्हतं घेतलंस."

त्यानंतर मला त्याच्याबद्दल काही वाटेनासं झालं. त्याने माझा दोष काही कमी झाला नाही.

एका दुपारी ती मला म्हणाली, "यांना कसं कळलं गं? मी तर कुणालाच बोलले नव्हते." मग तिने मला सगळं सांगितलं. तो त्यांच्या शेजारी खोली घेऊन राहिलेला कारखान्यातला ट्रेनी, बाहेरगावचा. वर्षभराची ओळख. त्याने फसवलं नव्हतं, तिनेही काही मागितलं नव्हतं. "मला चांगलं वाटायचं," ती म्हणाली. "एवढंच होतं ते. तुला घाण वाटतेय का माझी?"

मी नाही म्हणाले. तिने माझा हात धरला. तो सोडवून घ्यावा की धरून ठेवावा, मला कळेना.

पुढच्या सोमवारपासून ती आली नाही. परीक्षेला दोन महिने होते. पंधरा दिवस वाट पाहून मी तिच्या नोट्स घेऊन दिघीला गेले. लष्कराच्या कुंपणाजवळून त्यांच्या घराकडे वाट जायची. तिची आई ओसरीवर बसली होती. "आता न्हाई यायची ती," आई म्हणाली. "तिचं जमवलंय आमी. चाकणच्या पल्याड द्यायचीय." मला बसायला सांगून ती चहा टाकायला आत गेली.

मग तिचा थोरला भाऊ बाहेर आला. कंपनीत कामाला होता, अंगावर अजून खाकी कपडे होते. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "कॉलेजात तिच्याबद्दल बोलत्यात ते खरं हाय का खोटं? तू तिच्याजवळ बसती. तू सांगशील ते मी धरंन. खोटं म्हनलीस तर परीक्षेला पाठवतो तिला. मी सोता सोडाया येईन."

आतल्या दाराशी तिची सावली होती. ती ऐकत होती.

खोटं आहे, एवढे दोन शब्द. मी आयुष्यात शेकडो वेळा लहानसहान खोटं बोलले आहे, घरी, कॉलेजात, बसच्या कंडक्टरशी. त्या दिवशी तोंडातून निघालं ते, "मला माहीत नाही."

त्याने मान हलवली आणि उठून गेला. आईने चहा आणला. मी तो प्यायले. नोट्स तिथेच ठेवून निघाले. ती बाहेर आली नाही.

त्या वेळी मला भीती वाटली होती. ठामपणे खोटं म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, तुला कसं ठाऊक. आणि मग बोलता बोलता चिठ्ठीपर्यंत गोष्ट आली असती. मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी गप्प बसले.

परीक्षेत तिचा नंबर माझ्या पुढचा होता. सगळे पेपर मी रिकाम्या बाकामागे बसून लिहिले. पुढे मला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं. पण वर्गात शिकवताना पुढच्या बाकावरची मुलगी गैरहजर असली की माझं वाक्य मध्येच तुटायचं.

चार-पाच वर्षांनी, ऐंशी साल उलटल्यावर, शाळेच्या कामासाठी मी चाकणला गेले होते. कांद्याच्या बाजाराचा दिवस होता, रस्त्यात ट्रक आडवेतिडवे उभे. एसटीची वाट पाहत असताना मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. तीच होती. अंगाने भरली होती, डोक्यावरून पदर, कडेवर लहान मुलगा आणि बोटाला तीनेक वर्षांची मुलगी. नवरा गाडीतून कांदा उतरवून घेत होता, तो तिने लांबून दाखवला.

"बरा आहे?" मी विचारलं.

"बरा आहे. मारत-बिरत नाही. कमी बोलतो." मग म्हणाली, "त्या गोष्टीचं मला अजूनही वाईट वाटत नाही, बघ. परीक्षा राहिली त्याचं वाटतं. तुझ्या नोट्स मी पाठ केल्या होत्या. दोनदा."

 तीच पुढे म्हणाली, "सगळ्यांनी पाठ फिरवली. तू एकटी घरापर्यंत आलीस. आणि दादाला म्हणालीस, माहीत नाही. खरं ठाऊक असूनसुद्धा तू माझं नाव खराब केलं नाहीस. मी आत ऐकत होते."

तेव्हा तिला चिठ्ठीचं सांगायला हवं होतं. त्या दुपारी नाही, दिघीला नाही; ही तिसरी वेळ होती. दुपारची वेळ, चांगलं ऊन, आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही. मी तोंड उघडलंही.

तेवढ्यात तिने मुलीला पुढे ढकललं. "मावशीच्या पाया पड. लई शिकलेली आहे मावशी."

पोर वाकली. मी पाय मागे घेतले. तिला वाटलं मी विनयाने घेतले, ती हसली. घरी ये म्हणून तिने गावाचं नाव सांगितलं, मंदिरापासून कुठे वळायचं तेही सांगितलं. येते म्हणाले.

ते गाव माझ्या घरापासून एसटीने दीड तासावर आहे. मी अजून गेलेले नाही.