कॉम्प्युटरची खुरपणी

हे मी आजवर कुणापुढेही बोललेली नाही. आमच्या ह्यांच्यापुढे नाही, माहेरच्या बहिणीपुढे नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही समोर नाही, म्हणूनच जमतंय. समोर माणूस असलं की माझं तोंड उघडत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

आमचा झेंडू-शेवंतीचा मळा नाशिकला लागूनच. पहाटे फुलं बाजारात जायची, मग दिवसभर खुरपणी. माझी धाकटी जाऊ सुनंदा बारावी झालेली. लग्नानंतर ती इंदिरानगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली, आणि भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर आणून बाहेरच्या खोलीत मांडला. एका छापखान्याने तिला लग्नपत्रिका टाइप करायला दिल्या होत्या. आवडल्या तर कायमचं काम. केवढी खूष होती! माळा ओवतानासुद्धा तिची बोटं टाइप करत असायची.

आणि मी? मी चौथी. पण तिने मला माउस धरायला शिकवलं. "धरा हो अक्का, चावत नाही तो." एकदा म्हणाली, खुरपताना गुणगुणता ते म्हणा ना. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं. थोड्या वेळाने कॉम्प्युटरमधून बाई गायला लागली — ती मी होते! पदर तोंडात धरून पळाले. पण नंतर घर रिकामं झालं की हळूच जाऊन ऐकायचे. रोज.

मग एक दिवस ती म्हणाली, "अक्का, मशीन गच्च भरलंय. पत्रिका ठेवायला जागा नाही. तुमचं गाणं काढावं लागेल बहुतेक."

मी "बरं" म्हटलं. मी सगळ्यालाच बरं म्हणते. पण दुसरंच काही काढून जागा केली, तर गाणं राहील ना?

दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेली आणि मी खुर्चीत बसले. पडद्यावरचे पिवळे कप्पे एकेक उघडत गेले. इंग्रजी अक्षरं मला औषधाच्या डब्यांवरून थोडी येतात. सुनंदाचं नाव दिसलं, तो कप्पा सोडला. पण एका कप्प्यात — अहो, केवढं रान माजलेलं! दातेरी चाकांची चित्रं, खाली तोंडात न मावणारी नावं, संपता संपेनात. हे कुणी पेरलं? सुनंदाने नाही, मी नाही. आणि आम्हाला लहानपणापासून एकच शिकवण — आपण पेरलं नाही ते तण. उपटायचं.

मी उपटलं. कॉम्प्युटर मधेमधे इंग्रजीत काहीतरी विचारायचा. अशा वेळी सुनंदा डावीकडचं बटण दाबायची, मीही तेच दाबलं. काही निघेचनात, ती खोल मुळांची असतील म्हणून सोडली. आणि उपटलेलं तण बांधावर टाकलं की पुन्हा मूळ धरतं, म्हणून ती कचऱ्याची बादलीही रिकामी केली. इतकं स्वच्छ वाटलं! कॉम्प्युटर बंद केला, हात झटकले आणि चहा ठेवला.

संध्याकाळी कॉम्प्युटर उघडेचना. नुसता काळा पडदा.

भाऊजींनी दुरुस्तीवाला आणला. तो बघून हसायलाच लागला. "कुणीतरी याची आतडीच काढलीत. सगळं पुसून नव्याने भरावं लागेल." सगळ्यांनी सुनंदाकडे पाहिलं. दुसरं कोण हात लावणार होतं? आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "लय शिकेल म्हणून आणली, अन् तिनं मशीनच मारलं! त्यापरीस म्हैस आणली असती, दूध तरी दिलं असतं." सगळे हसले.

मीही हसले. — इथे लिहिताना हात थांबला माझा. पण हसले, हे खरं.

सुनंदा एवढंच म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी झालं असेल." मी दारापाशी उभी होते. "मी केलं" — दोनच तर शब्द. का नाही आले? लाजाळू होते म्हणून? छे. लाजाळू माणसाला काय खरं बोलता येत नाही? ते हसणं माझ्याकडे वळेल, याची मला भीती होती. ते तिच्याकडेच राहिलेलं मला बरं वाटलं.

पत्रिका गेल्या, छापखान्याचं काम गेलं. गाणंही गेलं, पण ती काही शिक्षा नव्हे. गाणं मला पुन्हा म्हणता येतं. सुनंदाने क्लास सोडला आणि माझ्या शेजारच्या सरीत खुरपायला बसली. हसतमुखाने. त्या म्हशीचा विनोद आता तीच सगळ्यांना सांगते, आणि आत्याबाईंपेक्षा रंगवून.

आता घरात मोबाइल आलेत. परवा तिच्या मोबाइलमध्ये जागा उरली नाही, नवे मेसेज येईनात. तिने तो माझ्यापुढे धरला. "अक्का, तुम्हीच काढा बाई जुने. माझा हात लागला की मशीन मरतं, माहितीये ना?" आणि खळखळून हसली.

मी मोबाइल घेतला. एकेक मेसेज तिला दाखवला. ती "काढा" म्हणाली की काढला, "राहू द्या" म्हणाली की ठेवला. झाल्यावर मोबाइल परत दिला.

मशीन तिच्या हाताने मेलं नव्हतं. तो हात माझा होता.