बदलू का, असं त्यानं विचारलं होतं

भिंगरीचं खरं नाव फक्त हजेरीत. बाकी सगळ्यांना ती भिंगरी, कारण बसली तरी तिचा एक पाय हलत असायचा. चहा उभ्यानं, फोन चालता चालता आणि भांडण जिन्यात. तिचे सासरे म्हणायचे, "आमच्या सूनबाईला झोपेतसुद्धा कुठंतरी पोचायचं असतं."

हे सासरे, तिचे मामंजी, जन्मभर बसचे कंडक्टर. गाडी कितीही भरलेली असू दे, आवाज न चढवता मागच्या बाकापर्यंत पोचायचे. भिंगरी कामाला होती ती दोन खोल्यांची जागा सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. तिथं अंधांसाठी बोलती पुस्तकं बनायची. एकदा मामंजी तिचा विसरलेला डबा द्यायला आले, वाचणारा माणूस आला नव्हता, म्हणून त्यांना गमतीनं माइकसमोर बसवलं. ते जे बसले ते उठलेच नाहीत. आता गावोगावचे ऐकणारे फोन करून विचारायचे, कंडक्टरसाहेबांचं नवीन काही आहे का.

दोन खोल्यांच्या मध्ये काच. पलीकडे गोधड्या टांगलेली वाचायची खोली, अलीकडे भिंगरीचा कॉम्प्युटर. टेबल मात्र एकच लांबलचक फळी, काचेखालून आरपार गेलेली. इकडं कप आपटला की तिकडं माइकला ऐकू जायचं. एवढी एक सवय तिथं लागे, फळीवर हात जपून ठेवायची. काम चालू असताना मामंजी काचेवर बोटानं खुणा करायचे. एक टिचकी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बसमधल्या घंटीचीच रीत.

मग मामंजींच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, घाबरायचं कारण नाही. आवाज राहील, पण हाच राहील असा शब्द देत नाही. मामंजींनी ते शांतपणे ऐकलं आणि घरी येऊन चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "जहाजाचं पुस्तक आधी संपवू."

जहाजाचं पुस्तक म्हणजे समुद्रात भरकटलेल्या खलाशांची जाडजूड कादंबरी. शेवटची तीन-चार प्रकरणं तेवढी वाचायची राहिली होती. तारीख ठरली, आणि नेमके त्याच दिवसांत कामावरचे कॉम्प्युटर बदलले. कुणा कंपनीनं देणगी दिलेली, दिसायला देखणे, पण आतली व्यवस्था पार दुसऱ्या घराण्याची. आतलं सगळं नव्यांत भरून जुने उचलून नेले ते सकाळीच, भिंगरी यायच्या आत.

बसवून द्यायला जो माणूस आला त्याला सगळे निवांत म्हणत. तो खुर्ची ओढायचा, बसायचा, मग खुर्ची अजून थोडी ओढायचा. भिंगरीच्या जिवाची तगमग व्हायची.

"ताई, पहिला आठवडा खरं काम यावर करू नका," निवांत म्हणाला. "आधी खेळा याच्याशी."

"खेळायला माझ्याकडं आठवडा नाहीये. तुम्ही बटणं दाखवा."

त्यानं बटणं दाखवली. आजवर जी कामं करंगळीनं व्हायची ती इथं अंगठ्यानं. कॉपी अंगठ्यानं, चिकटवणं अंगठ्यानं. "बटणांची अदलाबदल करणारं ॲप मिळतं, पण ते टाकू नका. बोटांना चार दिवस शिव्या द्या, शिकतील ती." फुली मारली तरी कार्यक्रम बंद होत नाही, नुसती खिडकी मिटते, मागं तो चालूच राहतो. हे ऐकून भिंगरी म्हणाली, "म्हणजे आमच्या नणंदबाईंसारखं. जाते म्हणतात आणि दारात तासभर." अंगठ्याचं बटण आणि स्पेस एकदम दाबलं की शोधायची पट्टी येते, मग काय हवं ते टाइप करायचं, फोल्डर धुंडाळत बसायचं नाही. कॉपी केलेल्या जुन्या गोष्टी लक्षात ठेवणारं एक छोटं ॲप त्यानं घालून दिलं. दोन खिडक्या शेजारी शेजारी चिकटवणारं दुसरं. शेवटी पिशवीतून एक काळी डिस्क काढून जोडली.

"ही काढायची नाही. तासातासाला तो आपणहून सगळ्याची नक्कल हिच्यावर उतरवतो. आणि ताई, स्क्रीनवर काही विचारलं तर वाचून मगच हो म्हणा. शब्द जुनेच दिसतील, पण वागणूक वेगळी आहे."

"वाचते हो. वाचायचाच तर धंदा आमचा."

पहिल्याच दिवशी डिस्क घुरघुरली. ती घुरघुर फळीतून सरकत माइकमध्ये गेली, आणि मामंजींच्या वादळी समुद्राखाली कुणीतरी घोरत असल्यासारखं ऐकू आलं. भिंगरीनं डिस्कची वायर उपटली. काम संपलं की लावू म्हणाली. पण काम संपलं की मामंजींचं औषध, तपासण्या, दवाखान्यातली रांग. डिस्क खणात गेली ती गेली.

बोटं मात्र शिकली. करंगळी सवयीनं वळवळायची, अंगठा तिला मागं सारायचा. वाचन पुढं सरकत होतं. मामंजी मध्येच पाणी पीत, आवाज खरखरला की थांबत, पुन्हा दोन टिचक्या. ॲडमिट व्हायच्या दोन दिवस आधी शेवटचं प्रकरण झालं. जहाज किनाऱ्याला लागलं. भिंगरीनं ऐकून चुकलेली वाक्यं काढली, पाच-सहाच होती. मामंजी दमले होते म्हणून ती वाक्यं पुन्हा घरीच खिशातल्या रेकॉर्डरवर वाचून घ्यायची ठरली.

आदल्या दिवशी दुपारी मामंजी स्वतःच रेकॉर्डर घेऊन आले, भिंगरीच्या हातात दिला आणि खाली सायकलवाल्याशी गप्पा मारायला बसले. गप्पा म्हणजे सायकलवाल्याच्या, हे नुसते मान हलवायचे. भिंगरीनं रेकॉर्डर जोडला. त्यात फोल्डर होता 'मामंजी'. कॉम्प्युटरवरही फोल्डर होता 'मामंजी'. हे नेहमीचंच. जुन्या कॉम्प्युटरवर एक ओढून दुसऱ्याजवळ टाकला की दोन्हीतलं एकमेकांत मिसळायचं. मध्ये एक प्रश्न यायचा, ती हो म्हणायची. आताही ओढला, आताही प्रश्न आला. या नावाचं आधीच आहे, बदलू का. पाय हलत होता, खाली मामंजी खोकत होते. ती हो म्हणाली.

मग फोल्डर उघडला, तर आत पाच-सहा वाक्यं. बाकी काही नाही.

तिनं फोल्डर मिटवून पुन्हा उघडला. अंगठा आणि स्पेस दाबून शोधलं. कचऱ्याचा डबा उपसला. चुका दुरुस्त केलेली वाक्यं तेवढी राहिली होती, आणि पुस्तक गेलं होतं.

निवांत आला तेव्हा ती खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होती. या वेळी त्यानं खुर्ची ओढली नाही.

"इथं फोल्डर मिसळत नाहीत, ताई. नवा येतो तेव्हा जुना जातो, डब्यातसुद्धा थांबत नाही. डिस्क कुठाय?"

तिनं खण उघडला. निवांतनं डिस्ककडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि तिची वायर सोडवायला घेतली.

डिस्क जोडल्यावर जुन्या दिवसाचा फोल्डर परत आला. वायर उपटली त्या दिवसापर्यंतचं सगळं होतं. पुढची शेवटची तीन प्रकरणं नव्हती. हरवलेल्या फायली शोधणारं ॲप निवांतनं चालवून पाहिलं, पण आधीच सांगून ठेवलं की आशा धरू नका. ते रिकाम्या हातानं परत आलं.

भिंगरी जिना उतरली. आयुष्यात पहिल्यांदा हळू उतरली असेल.

"मामंजी, शेवटची तीन प्रकरणं माझ्या हातून पुसली गेली."

सायकलवाल्यानं हातातला पाना खाली ठेवला. मामंजींनी चप्पल पायात सरकवली.

"जहाज कुठं आहे आत्ता?"

"मधल्या समुद्रात."

"उद्या मला आत घेतील. चल वर. घसा आजचा दिवस माझा आहे."

डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय, असं ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा तिच्या शब्दांत जोर नव्हता, कारण तिलाही तो आवाज हवा होता. हे दोघांनाही कळत होतं.

पहिलं प्रकरण नीट झालं. दुसऱ्यात शब्द घासू लागले. त्याच्या शेवटच्या पानावर आवाज नुसता वारा झाला, तरी त्यांनी ते रेटून नेलं. मग तिसऱ्या प्रकरणात खूण घालून पुस्तक मिटलं, काचेच्या अलीकडे आले आणि तिच्या खुर्चीकडं बोट केलं. ऊठ. मग काचेपलीकडे बोट केलं. जा.

"मी नाही. मला कुणी ऐकणार नाही, मामंजी. मी फार पळते."

त्यांनी हेडफोन कानाला लावले आणि तिच्याकडं बघत राहिले. घोगरं, तुटक असं एकच वाक्य बोलले. "गाडी स्टॉपवर नेल्याशिवाय कंडक्टर उतरत नाही."

ती माइकसमोर बसली. पाय हलला, फळी हलली, टिचकी पडली. तिनं पाय खुर्चीच्या दांडीला अडकवून टाकला. पहिल्या पानावर एवढ्या टिचक्या पडल्या की तिला रडू यायचं बाकी होतं. वाक्य पळालं की टिचकी, शेवटचा शब्द गिळला की टिचकी. ती थांबायची, श्वास घ्यायची, काचेकडं पाहायची. दोन टिचक्या. पुढं. हळूहळू एकेकट्या टिचक्या विरळ होत गेल्या. खलाशांना किनाऱ्याचा दिवा दिसला तेव्हा मामंजींचे डोळे मिटलेले होते आणि हात काचेपासून दूर, मांडीवर होता.

वाचून झाल्यावर ती अलीकडे आली. नव्या फोल्डरला वेगळं नाव दिलं. स्क्रीननं काहीतरी विचारलं, ते तिनं मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, मग उत्तर दिलं. डिस्क जोडली. ती घुरघुरू लागली. किती नक्कल उतरली ते दाखवणारी पट्टी स्क्रीनवर मुंगीच्या पावलानं भरत होती आणि भिंगरी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तिच्यासमोर बसली होती. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता, घरी दवाखान्याची पिशवी भरायची होती, निवांत दारात उभा राहून म्हणाला, "तुम्ही जा ताई, मी बघतो."

"नको," ती म्हणाली. "भरू दे."

पट्टी भरली, घुरघुर थांबली. ती तरी उठेना. मग मामंजींनी हात लांब करून फळीवर दोनदा बोट वाजवलं.