दोन गोलांतलं जग

कापराचा वास आला की अमेरिकेतल्या पिस्कॅटवेची युनिव्हर्सिटी लायब्ररी आठवते. २००४ साल होतं. तिथल्या वयस्कर जपानी बाईंनी कापूर घातलेल्या पेटीतून एक जुना जपानी नकाशा काढला. डच पुस्तकांवरून रेखाटलेलं, दोन गोलांतलं जग.

“हा नकाशा रेखाटणारा कधी देशाबाहेर गेला नाही,” त्या म्हणाल्या. “जाणाऱ्याला तेव्हा मृत्युदंड होता.”

मी त्यात आपली कोकणपट्टी शोधत होते, तेवढ्यात रत्नागिरीहून दादाचा फोन आला. “बाबा गेले गं. येतेस ना?”

“दादा, परत यायला लागणारं व्हिसाचं स्टॅम्पिंग बाकी आहे रे. तिकडेच अडकले तर?”

तो “बरं” म्हणाला.

माझा नाइलाज होता, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण मला जायला कुणीच मनाई केली नव्हती.