टाचेच्या नावाखाली
मिस्त्रींचं आयुष्य बंद पडलेल्या लिफ्टा सुरू करण्यात गेलं. पन्नाशीनंतर मधुमेह निघाला आणि त्याच्या मागोमाग दुसरं एक दुखणं आलं, जे कुणाला सांगायची सोय नव्हती. मग उकाड्याचं निमित्त काढून ते बायकोशेजारून उठून बाहेरच्या खोलीत झोपू लागले. असं करता करता वर्ष गेलं. शेवटी लाज गुंडाळून ठेवून ते डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर स्पष्टवक्ते निघाले. ना सुई, ना कापाकापी. थंडगार जेल लावून यंत्राचा दांडा टेकवायचा आणि बारीक लहरींचे ठोके द्यायचे, म्हणजे तिथला रक्तपुरवठा सुधारायला मदत होते. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं. शिवाय रोज संध्याकाळी भरभर चालायचं, त्यात टाळाटाळ चालणार नाही. ठोक्यांचं मिस्त्रींना काही वाटलं नाही. लिफ्टच्या मोटारीशेजारी उभं राहण्यापेक्षा ते बरंच सुखाचं होतं.

प्रश्न घरचा होता, दवाखान्याच्या फेऱ्यांचं कारण बायकोला काय सांगायचं? टाचदुखीवरही असेच ठोके देतात, हे त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर वाचलं होतं, म्हणून त्यांनी टाच पुढे केली. थाप बिनतोड होती. फक्त बायकोची माया त्यांनी हिशेबात धरली नव्हती.

तिने मऊ तळव्याच्या चपला आणल्या, रोज टबात गरम पाणी आणून ठेवलं, लेकीला फोन करून बापाची टाच जगजाहीर केली. आणि मुख्य म्हणजे चालणं बंद केलं. टाच दुखतेय आणि भटकायला कुठे निघालात, म्हणून ती दारातच उभी राहायची. लंगडण्याचं सोंग केलेल्या माणसाला यावर बोलायला तोंड नव्हतं. मिस्त्रींची साखर वाढली. नव्या तपासण्या बघून डॉक्टर वैतागले. चालणार नसाल तर यंत्र एकटं काय करणार, असं त्यांनी सुनावलं.

त्या संध्याकाळी ती पुन्हा टब घेऊन आली, खाली बसली आणि तिने त्यांचा पाय मांडीवर घेतला. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पाय काढून घेतला आणि टबातल्या पाण्याकडे बघत सगळं सांगून टाकलं.

आता ती हसेल किंवा कीव करेल, एवढीच त्यांना धास्ती होती. ती मात्र हात पुसत बसून राहिली.

"वर्षभर मला वाटत होतं, मीच तुम्हाला नकोशी झालेय," ती म्हणाली. "आरशात बघायचंसुद्धा सोडलं होतं मी."

हे मिस्त्रींच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपली लाज जपण्याच्या नादात आपण हिला काय भोगायला लावलं, या विचाराने त्यांना भरून आलं.

"अगं, तू नकोशी असतीस तर हे ठोके कशाला खाल्ले असते मी?"

तिला रडता रडता हसू आलं. मग ती उठली, आणि कपाटाखाली वाकून स्वतःचे चालायचे बूट शोधू लागली.