गाणं थांबवून केलेली सूचना

आत्ताच एकोडीच्या लग्नातून ऑर्केस्ट्रा आटोपून वरठीला घरी आलो. घसा पार बसलाय, म्हणून लिहूनच सांगतो.

गेल्या आठवड्यात फ्रान्सच्या एका रॉक अँड रोल गायकावरचा व्हिडिओ पाहिला. कोवळ्या वयात स्टेजवर चढलेला माणूस म्हातारपणी आजारातही गात होता. भाषा कळली नाही, पण अंगावर काटा आला. मग मीही तसलं एक गाणं बसवलं. आठवडाभर रोज तालीम केली.

आज जीव ओतून गायलो. वरचा सूर लागणार, तोच नवरीचे काका स्टेजवर आले.

"भाऊ, थांबा जरा. गेटात पांढरी गाडी उभी हाये, काढाले सांगा."

सांगितलं. पुन्हा सूर धरला. काका पुन्हा हजर.

"जेवन सुरू झालं म्हनून सांगून द्या ना."

तेही सांगितलं. अख्खा मांडव उठला. उरलेलं गाणं मी रिकाम्या खुर्च्यांपुढे म्हटलं.

निघताना काकांनी प्रेमानं हात धरला. "आवाज दमदार हाये भाऊ तुमचा. जेवनाचं पार मांगच्या लोकायलेही आयकू गेलं."

मंडळी, खरं सांगा, त्या फ्रान्सवाल्यालाही कोणी गाणं थांबवून गाडी काढायला सांगायला लावलं असेल का?