शेजुळांचा ठेवणीतला कॉम्प्युटर

वसंता शेजूळ नोकरी सोडून घरातच महा ई-सेवा केंद्र काढतोय, अशी बातमी बदनापुरात आमच्या गल्लीत फिरली आणि दुपारच्या आत सोनूबाई आधार कार्ड घेऊन त्याच्या दारात हजर झाली. जन्मतारीख दुरुस्त करायची होती. "गर्दी व्हायच्या आधी करून दे बाबा जल्दी," म्हणाली. बातमीचं मूळ एवढंच, की स्टेशन रोडवरच्या धम्मपालच्या दुकानातून शेजुळांच्या घरी एकाच दिवशी दोन कॉम्प्युटर उतरले होते. एक मांडीवर घ्यायचा आणि एक टेबलावर मांडायचा.

केंद्रबिंद्र काही नव्हतं. वसंताच्या तृप्तीला संभाजीनगरला आर्किटेक्चरला ॲडमिशन मिळाली होती, त्यासाठीची ही खरेदी. केंद्र चालवायला थोडं डोकं लागतं. ते वसंतापाशी असतं, तर गल्लीला हसायला दुसरं घर शोधावं लागलं असतं.

वसंता मूळचा मंठ्याकडचा. पोरसवदा असताना जालना एमआयडीसीत बियाण्याच्या प्लँटवर पाकिटं भरायच्या मशीनपाशी लागला, आणि आता त्याच मशीनपाशी सुपरवायझर म्हणून हात मागं बांधून उभा राहतो. जातो-येतो मोटारसायकलवर. मोटारसायकली दोन. वापरातलीचा सायलेन्सर तारेनं बांधलेला. ठेवणीतली जिन्याखाली, अंगावर चादर घेऊन झोपलेली. ती लग्नाकार्यासाठी आहे म्हणतो, पण लग्नालाही वापरातलीच नेतो, कारण मांडवाबाहेर कुणी ओरखडा काढला तर?

सगळं घरच असं. शोकेसमधल्या कपांत आजवर चहाचा थेंब पडलेला नाही. पाहुण्याच्या हातात कान तुटलेला कप येतो आणि त्यानं घोट घेता घेता काचेआडचे कप बघायचे. सोफ्याचं प्लास्टिक दुकानातून आलं तसंच आहे. उन्हाळ्यात माणूस उठला की पाठीमागं चर्र आवाज होतो, आणि तो आवाज ऐकून वसंताचा चेहरा खुलतो: सोफा अजून नवाच आहे! भाषासुद्धा त्याची ठेवणीतली वेगळी. साहेबापुढं "आपण म्हणता ते अगदी योग्यच", आणि घरी "गप बैस".

अशा माणसाच्या पोटी तृप्तीसारखी पोरगी कशी आली, यावर गल्लीत पुष्कळ बोलून झालं आहे. तिचं म्हणणं सरळ होतं. इमारतींची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढायची, त्याचे प्रोग्राम जड. जेवढे पैसे आहेत तेवढ्यात एकच, पण दणकट लॅपटॉप घ्यायचा. वर्गात तोच, होस्टेलवर तोच, सुट्टीत घरीही तोच. मशीननं दम सोडला तर ड्रॉइंगची शीट राहणार, आणि शीट राहिली की वर्ष गेलं.

धम्मपालनंही तेच सांगितलं. "काका, एकच घ्या. पैसे वाटून टाकले तर एक तरी लंगडा येणारच."

वसंतानं त्याच्याकडं संशयानं पाहिलं. गिऱ्हाइकाला कमी घ्या म्हणणारा दुकानदार त्याच्या मते एक तर येडा, नाहीतर चोर.

"एकच घिऊ? आन् घरी काय ठिवू?"

"घरी कशाला ठेवायचा, पप्पा? शिकायचं मला हाय."

"लोक इचारतील ना. शेजुळाची पोरगी कॉम्प्युटरवर शिकून राह्यली, मंग कॉम्प्युटर कुठाय?"

"म्हणायचं, तिच्यापाशी हाय."

"तुझ्यापाशी असलेला कुणाला दिसतो?"

धम्मपाल उगाच ड्रॉवरमध्ये स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागला.

"चांगली वस्तू काय बॅगीत घालून हिंडवायची असती का?" वसंतानं निकाल दिला. "चांगली घरी. वापरायला साधी."

तशीच खरेदी झाली. दारातून दिसेल एवढा मोठा स्क्रीन, काचेतून रंगीत दिवे लुकलुकणारा भारी डबा, त्यालाच बरेचसे पैसे गेले. उरल्यासुरल्यात तृप्तीसाठी कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप आला. त्याची बिजागरी ढिली, कोपरा फुटका, आणि पाठीवर त्या ऑफिसचं नंबराचं स्टिकर. शिकणारी पोरगी फुटका घेऊन होस्टेलवर गेली, आणि भारी कॉम्प्युटर पुढच्या खोलीत दाराकडं तोंड करून बसला. पहिल्या दिवशी तो एकदा चालू केला. गल्लीनं दिवे बघितले. मग वसंतानं बटन बंद केलं ते कायमचं. "लाइट कमीजास्त होती इथं. उडून गेला तर?" वसंताच्या बायकोनं, नंदाबाईंनी, क्रोशानं त्याला पांढरं झाकण विणलं, त्यावर हिरवा पोपट. दसऱ्याला स्क्रीनला हळदकुंकू लागलं, कीबोर्डवर आपट्याची पानं पडली. शेजारची बेबीनंदा तर घरी कुणीही पाहुणा आला की त्याला आधी शेजुळांचा कॉम्प्युटर दाखवायला घेऊन यायची. पाहुणा "व्वा" म्हणायचा. वसंता झाकण पुन्हा ओढून घ्यायचा.

तिकडं होस्टेलवर लॅपटॉपनं अंग टाकलं. तृप्तीनं घराचा जिना काढायला घेतला, की तिसऱ्या पायरीवर सगळं गोठायचं. तिनं घरी फोन लावला.

"पप्पा, हा बंद पडून राह्यला."

"हळू चालीव ना मंग."

"हळूच हाय तो!"

"थोडा आराम दे त्याला. मशीन हाय, गरम होती. आमच्या प्लँटवर बी..."

"पप्पा, सोमवारी सबमिशन हाय. शीट न्हाई दिली तर वर्ष जातंय."

"मंग हातानं काढ. आमी काय कॉम्प्युटरवर शिकलो का?"

वसंतानं दहावीनंतर वहीला हात लावलेला नाही. तृप्तीनं ते तोंडावर आणलं नाही, फोन ठेवला. आमच्यातला कुणी असता तर ठेवला नसता.

शनिवारी ती फुटका लॅपटॉप घेऊन सकाळच्या गाडीनं बदनापूरला उतरली. वसंता ड्युटीवर. तिनं आईला एकच सांगितलं, "मी हा घिऊन चालले." नंदाबाईंनी आधी दाराकडं पाहिलं, मग झाकण काढून चार घड्या घातल्या आणि म्हणाल्या, "ने. त्यांना मी बघते." धम्मपाल दुकानाचा माल आणायला संभाजीनगरला निघालाच होता. त्याच्या गाडीत डबा, स्क्रीन, वायरी, सगळं गेलं. फुटका लॅपटॉप घरी राहिला. सोमवारी तृप्तीची शीट जमा झाली, जिना पार गच्चीपर्यंत गेला.

पण शनिवारी संध्याकाळी वसंता आला तेव्हा टेबल उघडं.

"पोरीनं नेला," नंदाबाई म्हणाल्या. "वर्ष घालवता का तिचं?"

वसंता सोफ्यावर बसला. वर्षाचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. दिवाळी तोंडावर आली होती. पाहुणे येणार, मेहुणे येणार, बेबीनंदा तर रिकाम्या हातानं यायचीच नाही, चार माणसं घेऊन येणार. आणि टेबलावर काय, तर धुळीचा चौकोन. लॅपटॉप ठेवून बघितला, तर स्टिकर दारातूनच दिसायला लागलं. तो उचलून त्यानं जुन्या धोतरात गुंडाळला आणि कपाटात सारला. मग माळ्यावर चढला. वस्तू आली तशी तिची खोकीही त्यानं सांभाळून ठेवली होती. मोठं खोकं उभं केलं, बारकं शेजारी लावलं, वरून पोपटाचं झाकण ओढलं. बाहेर जाऊन चपला घातल्या, पाहुण्यासारखा आत आला आणि नजर टाकली.

"थोडी तरी लाज वाटू द्या," नंदाबाई म्हणाल्या.

"गप बैस. बराबर दिसून राह्यलं."

कॉम्प्युटर गाडीत चढताना गल्लीतल्या कुणी पाहिला नव्हता? सगळ्यांनी पाहिला होता! पण एवढा तमाशा फुकट मिळत असताना बोलतो कोण? फराळाच्या दिवशी बेबीनंदा भाऊ, भावजय, सोनूबाई अशी वरात घेऊन आली. चिवड्याच्या बशा फिरल्या. वसंता ठेवणीतल्या भाषेत "आपण घ्या ना" करत होता. बेबीनंदा हळूच टेबलापाशी सरकली.

"नंदाबाई, पोपट कसा विणला वो हा? उलटा टाका हाय का?" असं म्हणत तिनं झाकणाचं टोक धरलं आणि वर उचललं.

खाली पुठ्ठा. पुठ्ठ्यावर काळा बाण आणि फुटक्या पेल्याचं चित्र.

"अगं बाई! भावजी, तुमचा कॉम्प्युटर तर पुठ्ठ्याचा निघाला की!"

भावजयीला ठसका लागला. सोनूबाईनं पदरात तोंड घातलं. भावानं बशी खाली ठेवून मोकळेपणानं हसून घेतलं. नंदाबाई आत निघून गेल्या. आता हा माणूस जमिनीत जाईल, अशी सगळ्यांची खात्री. वसंता उठला, झाकण नीट ओढलं, पोपट सरळ केला, आणि वापरातल्या भाषेत म्हणाला,

"वहिनी, दसऱ्यापासून तुमी येऊन राह्यल्या, माणसं आणून राह्यल्या. एकदा तरी म्हणल्या का, चालू करून दाखवा म्हणून? न्हाई ना? मंग तुमच्यापुरतं खोकंच बराबर हाय. बसा, चिवडा घ्या."