साडूंचा वाढीव पडदा

वस्तूकडून तिच्या ऐपतीपेक्षा जास्त काम काढून घेण्यात आमच्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. कंपन्या मुद्दाम कमी सांगतात, असं त्यांचं ठाम मत. एकदा ते, मी आणि शहाळ्यांची दोन पोती अशी वरात स्कूटरवरून निघाली. चढावर गाडीनं मान टाकली, तेव्हा मीच उतरून ती ढकलली. माथ्यावर पोचल्यावर साडू अभिमानाने म्हणाले, "चढली की नाही?"

नागावला नारळीच्या वाडीत त्यांच्या तीन खोल्या पर्यटकांसाठी आहेत. त्यांच्या बुकिंगसाठी कॉम्प्युटर आला आणि साडूंची नजर मॉनिटरवर पडली. त्याचे आडवे ठिपके, म्हणजे पिक्सेल, मुळात तेराशे सहासष्ट. साडूंनी कुठलीशी सेटिंग हुडकून त्यात एकोणीसशे वीस ठिपक्यांचं चित्र दाबून बसवलं. बसलं खरं, पण अक्षरं मुंग्यांएवढी झाली, तीही पाण्यात पडलेल्या मुंग्यांसारखी फिसकटलेली.

"अहो, वाचता येत नाही," मी म्हटलं.

"मावतं किती बघा! पूर्वी दहा दिवस दिसायचे, आता अख्खा महिना दिसतो," पडद्याला नाक टेकवत साडू म्हणाले.

मे महिन्यातल्या एका शनिवारी या अख्ख्या महिन्याने दगा दिला. साडूंनी पडद्यावर बघून तीन पाहुणे सांगितले म्हणून अक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, तिघांचा स्वयंपाक केला. गाडीतून उतरले आठ. अक्का दुपारी चारपर्यंत चुलीपुढे मासे तळत होत्या.

"अहो, तो इंग्रजी आठ होता," अक्का म्हणाल्या.

"तीनच होता. त्याची तोंडं जरा मिटली होती."

सोमवारीच अक्कांनी त्यांना अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही चांगला पिकलेला! सगळं जगच धुरकट दिसणाऱ्या माणसाला पडदा वेगळा तो काय दिसणार?

दोन्ही ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर साडू प्रथम कॉम्प्युटरपुढे बसले आणि कडाडले, "हे गिचमिड कोणी करून ठेवलंय?" आम्ही सगळे त्यांच्याकडेच बघू लागलो. त्यांनी गुपचूप सेटिंग मूळपदावर आणली.

एवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या. साडू कप हातात न घेता त्यांच्याकडे बघत राहिले.

"अगं, तू एवढी कधी थकलीस?"

"झाली की वर्षं," अक्का म्हणाल्या. "घ्या, गार होतोय."

त्यानंतर सोमवार-मंगळवार पाहुणे घेणं बंद झालं. परवा मंगळवारी मी गेलो, तर तिन्ही खोल्यांना कुलपं. अक्का भरदुपारी ओटीवरच्या झोपाळ्यावर गाढ झोपलेल्या. साडू पायरीवर नारळ सोलत होते; मला पाहून त्यांनी कोयता बाजूला ठेवला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला हो. तिला झोप लागलीय."

उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघे कुजबुजत बसलो.